फडातला पहिला हंगाम

शिरूरहून न्हावऱ्याकडे निघालेला रस्ता पुढे पारगावजवळ भीमा ओलांडतो आणि केडगाव-चौफुल्याला पुणे-सोलापूर महामार्गाला जाऊन मिळतो. अलीकडे न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना, नदीपलीकडे दौंड तालुक्यातली गुऱ्हाळं, आणि दोन्हीकडे ऊसच ऊस. एरवी या रस्त्यावर ट्रॉल्यांचं राज्य असतं. चैत्र लागला की रात्री-अपरात्री निराळे ट्रक दिसू लागतात. गुंडाळलेल्या कनाती, लोखंडी पेट्या, स्टेजच्या फळ्या, वर दोरीनं आवळलेले कर्णे आणि मागोमाग एका जुन्या बसमध्ये अर्धवट रंग पुसलेल्या चेहऱ्यांची झोपलेली माणसं. यात्रांचा हंगाम सुरू झालेला असतो. कुठे भैरवनाथ, कुठे म्हसोबा, कुठे गावदेवी. गावागणिक तिथी वेगळी, आणि तिथीला तमाशा ठरलेला.

अशाच एका बसमधून ती पहिल्यांदा हंगामाला निघाली. वय एकोणीस-वीस, घोड नदीकाठच्या एका लहान गावची. बारावीनंतर शिक्षण थांबलेलं, वडील गुऱ्हाळावर कामाला, आई रोजंदारीवर. गावात तिला ओळखायचे ते आवाजावरून. हरिनाम सप्ताहात काकड्याला तिचा अभंग, जागरण-गोंधळात मागे तिची साथ, शाळेच्या गॅदरिंगला शेवटचं गाणं तिचं. आजीची थोरली बहीण एके काळी फडात गायची. घरात त्या म्हातारीचं नाव फारसं निघत नसे, पण मुलीचं गाणं ऐकून जुनी माणसं हटकून म्हणत, थोरलीचा गळा उतरलाय.

फड हंगामी होता. मोठे फड दसऱ्याला बाहेर पडतात, तंबू लावून तिकिटावर खेळ करतात आणि वैशाखापर्यंत फिरतात. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास त्यांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथे सुपारी द्यायला येतात. हंगामी फडाचा पसारा लहान. माघात माणसं गोळा करायची, यात्रा-जत्रा करायच्या आणि अक्षय तृतीयेच्या आगेमागे आपापल्या घरी. बाकीचे महिने कुणी बँडमध्ये, कुणी वीटभट्टीवर, कुणी शेतात. या फडात तीसेक माणसं, त्यांतली निम्मी एकमेकांची नात्यातली. मालकाचे थोरले भाऊ नाना सरदार, मुलगा ढोलकीवर, सून गवळणीत, जावई कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवर. बहीण सगळ्यांची आक्का, मुख्य गाणारी. पेटीवरचे मास्तर तेवढे बाहेरचे, पण तेही कधीचे घरचेच होऊन गेलेले.

तिच्यासमोर दुसरी वाटही होती. चौफुल्याची कला केंद्रं दौंड तालुक्यातच, आणि तिथल्या एका पार्टीत तिच्या मावशीच्या ओळखीच्या बाई होत्या. संगीत बारीचं काम वेगळ्या घडणीचं. एका थिएटरात पाच-सहा पार्ट्या राहतात, प्रत्येक पार्टी आपली बारी आली की मंचावर येते, मागे पेटी, तबला, ढोलकी. खरा कस लागतो तो बैठकीत. समोर मोजके रसिक, आणि बसून अदा करत एकेक ओळ उलगडायची. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेतल्या गायकीसाठी. भूषण कोरगावकरांच्या ‘संगीत बारी’ या पुस्तकानं हे जग बऱ्याच मराठी वाचकांना प्रथमच जवळून दाखवलं. तिथे बारमाही काम आहे, डोक्यावर कायमचं छप्पर आहे. मावशीचं मत चौफुल्याच्या बाजूनं होतं आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

मुलगी फडाकडे वळली ती वगापायी. लहानपणी गावच्या यात्रेत तिनं एक वग पाहिला होता आणि राणी झालेली बाई गात गात रडते, बोलत बोलत गाते, हे तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

तमाशा म्हणजे लावणीचा नाच, असा समज शहरात पक्का बसला आहे. सिनेमानं तो बसवला आणि दूरदर्शनच्या वाहिन्यांनी वाढवला. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी हे सगळं होऊन रात्र चढली की वग उभा राहतो, आणि वग म्हणजे गाऊन, बोलून, अभिनयानं सांगितलेली पुरी गोष्ट. राजा, राणी, प्रधान, सोंगाड्या, युद्ध, वनवास, सगळं त्यात. पाश्चात्त्य ऑपेरा सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समध्ये आकाराला आला. तिथेही मूळ हौस हीच, की गोष्ट सुरांतून सांगावी. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांना पुण्यात पारशी मंडळींच्या ऑपेराच्या जाहिरातीवरून कल्पना सुचली आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं. मराठी संगीत नाटकाचा इतिहास त्या तारखेपासून सांगतात. पण पहिला वग म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो सावळजच्या उमा-बाबूंचा ‘मोहना-बटाव’ १८६५ च्या सुमाराचा. शाकुंतलाआधी पंधरा वर्षं, दिवटीच्या उजेडात, नाट्यगृहाविना, गाऊन सांगायची नाट्यकथा आपल्याकडे उभी होती. हे सन शाळेच्या पुस्तकात शेजारी शेजारी छापले पाहिजेत.

मालकानं तिला ऐकलं ते त्यांच्या घराच्या ओसरीवर. गावात जिला हमखास टाळी पडायची ती लावणी तिनं म्हटली. मास्तर पेटीवर साथ करत शांत होते. गाणं संपलं तसं त्यांनी भाता पुन्हा भरला, काळी चार दाबून धरली आणि म्हणाले, “आता ह्यो सूर धर. शब्द नको.” तिनं धरला. ढोलकीवाल्यानं मध्येच तोडा टाकला, हलगी कडाडली, नानांनी मोठ्यानं गणाची ओळ सुरू केली आणि तिचा सूर सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला.

“गळा चांगला हाय,” मास्तर म्हणाले. “पन तू एकलीच गातीस.”

म्हणून पहिले कितीतरी दिवस तिला गाणं मिळालंच नाही, मिळाली ती झील. तालमी मालकाच्या वस्तीवर, पत्र्याच्या शेडमध्ये. ती मागे, तुणतुणं आणि झांज धरणाऱ्यांच्या रांगेत. तिला वाटलं होतं, भजनात वाढलेल्या मुलीला मागे म्हणणं काय अवघड? पण भजनात म्हणणाऱ्याची ओळ पुरी होते आणि मग टाळकरी ती अख्खी माघारी म्हणतात. तमाशात झीलकऱ्याला ओळ संपायची वाट बघता येत नाही. सरदाराचं शेवटचं अक्षर तोंडातून सुटत असतानाच तो सूर मागून उचलायचा, वर चढवायचा आणि ‘जी जी रं जी’ करत टिपेला नेऊन धरून ठेवायचा. तेवढ्या अवकाशात सरदार श्वास घेतो, समोरच्या माणसांचा अंदाज घेतो, पुढची ओळ जुळवतो. झील उशिरा आली तर मध्ये भोक पडतं. लवकर आली तर यमकाचा शब्दच झाकला जातो, आणि टाळी त्याच शब्दावर यायची असते.

हे कुणी तिला वहीत लिहून दिलं नाही. ढोलकीवाला शेवटच्या थापेआधी उजवा खांदा जरासा उचलतो, आत शिरायची जागा ती. मागे उभं राहून राहून तिचं तिलाच ते दिसलं. नाना दमले की ओळीच्या शेवटी आवाज किंचित खाली आणतात, तेव्हा झील जास्त लांबवावी लागते, हेही तसंच कळलं. उंच पट्टीचं कारण मात्र मास्तरांनी सांगितलं. माइक नव्हते त्या काळात शेवटच्या बैलगाडीपर्यंत शब्द पोचवायचा तर गळा वरच ठेवावा लागे. आता माइक आले, पण पट्टी तीच राहिली, कारण ढोलकी आणि हलगीच्या गजरात खालचा सूर बुडून जातो.

नाटक कंपन्यांतल्या नव्या पोरांची आठवण इथे येते. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. भूमिका बसवून घ्यायला गोविंद बल्लाळ देवल होते, गाण्याला पुढे भास्करबुवा बखले लाभले, आणि बालगंधर्व घडले. सौदागर नागनाथ गोरे दहाव्या वर्षी बालमोहन नाटक मंडळीत गेले आणि छोटा गंधर्व झाले. कंपनीत राहणं, खाणं, तालीम, सगळं एका छपराखाली. हंगामी फडाकडे इतकी सवड नाही. मास्तर आहेत, पण त्यांच्याकडे दोन महिनेही नसतात, आणि तालमीच्या दिवसाची मजुरी कुणालाच मिळत नाही. तरीही शिकवण्याची रीत तीच, ऐकत ऐकत शिकायची. चार थोरांच्या मध्ये बसवून कान तयार करण्याइतका जुना आणि खात्रीचा मार्ग गाण्यात दुसरा नाही.

पैशाचा विषय आला तेव्हा ‘उचल’ आली. हंगामाआधी कलावंत मालकाकडून एकरकमी पैसे उचलतो आणि हंगामभर काम करून ते फेडतो. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाचा दवाखाना, कुणाला घरावर पत्रे टाकायचे असतात. मालकही ते पैसे बहुधा व्याजानंच आणतो. अवकाळीनं, निवडणुकीच्या धामधुमीनं वा गावातल्या एखाद्या दुखवट्यानं चार सुपाऱ्या मोडल्या की खालपासून वरपर्यंत सगळे अडकतात. २०२० आणि २०२१ या लागोपाठ दोन वर्षी करोनामुळे यात्रा भरल्या नाहीत, तेव्हा फिटायची राहिलेली उचल काही घरांत अजून बोलण्यात येते. तिच्या वडिलांना मोठी रक्कम हवी होती. आक्कांनी ती देऊ दिली नाही. “पहिल्याच साली पोरीच्या मानंवर दगड ठेवू नका,” म्हणाल्या. थोडी रक्कम ठरली आणि वहीत सही तिची घेतली, वडिलांची नाही. आक्कांनी स्वतःच्या पहिल्या हंगामात ही सही केली नव्हती, एवढंच त्या त्यावर बोलल्या.

गावात कुजबुज झालीच. सप्ताहाच्या मंडळींतल्या एकानं घरी येऊन सांगितलं की आता काकड्याला हिचं नाव धरता येणार नाही. आई रडली. ज्या गळ्यानं आजवर देवापुढे अभंग म्हटला तोच गळा फडात गवळण म्हणणार, आणि गवळणीतही कृष्णच असतो. हा विचार गावानं आजवर नीट केलेला नाही. तमाशा मांग, महार, कोल्हाटी या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. त्यांच्या गाण्याला माना डोलवायच्या आणि त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हा दुटप्पीपणा फार जुना आहे आणि तो अजून गेलेला नाही.

शिरूर तालुक्याला तर या कलेची परंपरा आहे. कवठे येमाई हे गाव तमाशाच्या नकाशावर ठळक. गंगारामबुवा कवठेकर इथले, आणि लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर हेही इथलेच. मोमीन शाळकरी वयातच गीतं लिहू लागले आणि त्यांचं गीत गंगारामबुवांच्या तमाशात गाइलं गेलं. पुढे अनेक फडांना त्यांनी गण, गवळणी, लावण्या आणि वगनाट्यं लिहून दिली. ‘लंका कोणी जाळली’, ‘भंगले स्वप्न महाराष्ट्रा’ ही त्यांतली. राज्य शासनाचा २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ते गेले. ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार त्या विठाबाई जवळच्याच जुन्नर तालुक्यातल्या. वडील आणि चुलते, भाऊ-बापू मांग नारायणगावकर, यांच्या फडात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या आणि १९५७ व १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेल्या. पण नव्या मुलीला आक्का विठाबाईंपेक्षा कांताबाई सातारकरांची गोष्ट जास्त वेळा सांगत. कांताबाईंच्या घरात तमाशा नव्हता. १९३९ साली गुजरातेत, दगडखाणीवर राबणाऱ्या कुटुंबात जन्म, साताऱ्यात एका मेळ्यातून सुरुवात, मग तुकाराम खेडकरांचा फड. खेडकर १९६४ साली वारल्यावर मुलाबाळांसह रस्त्यावर येण्याची पाळी आली आणि त्यातून त्यांनी स्वतःचा फड उभा केला. वगात त्या पुरुषांची कामंही करायच्या, शिवाजी महाराजांचं कामसुद्धा. बाहेरून आलेली बाई फडाची मालकीण होऊ शकते, एवढं मुलीच्या कानी पडत राहावं, असं आक्कांना वाटत असावं.

वग शिकवला नानांनी. हरिश्चंद्र-तारामतीचा, त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलेला. गाणी पक्की, पण गद्य मोकळं, सांगाडा ठरलेला आणि बोलणं त्या त्या रात्रीचं. नाना अक्षरओळख असूनही लिहीत नसत. शेडच्या बाहेर बाजेवर बसून ते प्रवेश सांगायचे आणि मुलगी शंभर पानी वहीत उतरवून घ्यायची. तारामतीचं काम तिला लगेच मिळणार नव्हतं, ते आक्कांचं. पण आक्कांचे गुडघे दुखत होते आणि दुसरं कुणी तयार असायला हवं होतं.

स्मशानातला विलाप ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा हुंदके देऊन म्हणाली. शेडमधल्या बायकांचे डोळे ओले झाले. नानांनी मान हलवली. “रडायचं न्हाई. तू रडलीस तर मान्सं तुझ्याकडं बघत्यात. मग तारामतीकडं कोन बघनार?” दुसरी गोष्ट त्यांनी घोकून घेतली ती गाण्यातून बोलण्यात उतरण्याची. ती गाणं संपवायची, थांबायची, घसा साफ करायची आणि मग वाक्य बोलायची. तेवढ्यात सगळं मोडायचं. मास्तर गाणं संपल्यावरही पेटीचा सूर सोडत नसत, आणि पहिलं वाक्य त्याच सुरावर यायला हवं, जवळजवळ गाण्यासारखं, मग हळूहळू सुटत साध्या बोलण्यावर. आठवडाभर हेच. एक वाक्य, “डोंबा, माझ्याजवळ द्यायला काही नाही.” नाना डोंब झालेल्या हरिश्चंद्राच्या जागी उभे, ती समोर, मास्तरांचं बोट काळी चारवर.

हंगाम सुरू झाला आणि शिकण्याचा वेग बदलला. दिवसा झोप, तीही ज्या गावात उतरले तिथल्या शाळेच्या पडवीत नाहीतर देवळामागच्या लिंबाखाली. अंघोळीला आडोसा शोधायचा, दोन चुली मांडायच्या, संध्याकाळी रंग. धूळ, डिझेलचा धूर, यात्रेतल्या भज्यांचा ठसका, सगळं घशात. आक्कांचा नियम कडक होता. बर्फाचा गोळा नाही, जेवण खेळाच्या तीन तास आधी, ज्येष्ठमध तोंडात, आणि दिवसा बोलणं कमी. मुलींनी ट्रकमागे एकटं जायचं नाही, हा दुसरा. पहिल्या पंधरवड्यात मुलीचा आवाज बसला तेव्हा आक्कांनी तिला गप्प बसवलं आणि झांज हातात दिली. त्या रात्रीही ती रांगेत उभी होतीच.

गवळणीत तिला चार ओळी मिळाल्या, मग रंगबाजीत एक लावणी. रंगबाजीत फर्माईश सिनेमातल्या गाण्यांची, ती ट्रॅकवर म्हणायची, पट्टी दुसऱ्याच कुणाच्या गळ्याची. त्यात तरुण पोरं नाचतात, नोटा पडतात, फडाला डिझेल सुटतं. ते काम ती मनापासून करायची. पण रात्रीच्या हिशेबात तिच्या लक्षात येऊ लागलं की वगाला वेळच उरत नाही.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. नियमात खोट नाही. आजारी माणूस, परीक्षेचं पोर, तान्हं लेकरू, सगळ्यांना रात्रीची झोप लागते. प्रश्न दहाच्या आधीच्या वेळाचा आहे. छबिना निघतो, पालखी येते, मग मंचावर सत्कार सुरू होतात. सरपंच, माजी सरपंच, देणगीदार, आलेले पाहुणे, शाल, नारळ, दोन शब्द. फडाला माइक मिळतो तेव्हा घड्याळात साडेनऊ झालेले. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा ऐवज अर्ध्या तासात, सूट असली तर फार तर अडीच तासांत बसवायचा. मग गण आटोपता, गवळण निम्मी, रंगबाजी पुरी आणि वग नावाला.

शिरूर तालुक्यातल्या एका गावात हे तिनं अंगावर घेतलं. आक्कांचा गुडघा सुजला होता आणि तारामती तिच्याकडे आली. पातळ नेसवून आक्कांनी तिचा अंबाडा स्वतः बांधला. बाराला वीस मिनिटं कमी असताना वग सुरू झाला. मॅनेजर विंगेत हात उंचावून बोटं दाखवत होता. नानांनी मग जे केलं ते पाहण्यासारखं होतं. राज्याचं दान, काशीची वाट, बाजारात झालेली विक्री, असे तीन प्रवेश त्यांनी एका कटावात घातले. ढोलकीच्या धावत्या लयीत, श्वास न सोडता, एकही महत्त्वाची गोष्ट न गाळता. पन्नास वर्षांची तालीम त्या कटावात होती. पण विलापाला त्याच कटावाची घाई लागली. मुलीच्या वाट्याला दोन ओळी आल्या, झील येण्याआधी पडदा ओढला, दिवे गेले. समोरची माणसं उठून मोटरसायकली सुरू करत होती.

विलाप पुरा झाला तो दौंड तालुक्यात, भीमेकाठच्या एका गावात, भर उन्हात.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फडानं देवापुढे हजेरी द्यायची, ही जुनी रीत. दुपारी कुस्त्यांचा आखाडा, त्याआधी दहा-साडेदहाला हजेरी. बहुतेक गावांत तीन-चार गाणी म्हटली की हजेरी संपते. रंग नसतो, पोशाख साधे, डोळ्यांत झोप. त्या दिवशी देवळासमोरच्या ओट्यावर गण झाला, एक गवळण झाली, आणि पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या पैलवानानं विचारलं, “रातच्याला तारामती ऱ्हायली न्हवं? ती म्हना की.” मालकानं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनं आखाड्याच्या पंचांकडे. पंच म्हणाले, कुस्त्या तीनला लावू.

कीबोर्ड बसमध्येच होता. पेटी, ढोलकी, तुणतुणं, झांज एवढ्यावर वग उभा राहिला. कर्णा लावला नाही, माणसं जवळच होती. नैवेद्य घेऊन आलेल्या बायका ताटं हातात धरून पायऱ्यांवर थांबल्या आणि मग खाली बसल्या. रात्रीच्या खेळाला त्यांतल्या फार थोड्या आल्या असतील. नाना सावकाश होते. सोंगाड्यानं मधली बतावणी मनसोक्त केली, गावच्या पाणीपट्टीवरून दोन कोपरखळ्या मारल्या, लोक हसले. विक्रीच्या प्रवेशात हसणारी तीच माणसं गप्प झाली.

विलापाची पहिली ओळ मुलीनं उचलली. शेवटच्या अक्षराशी ती आली आणि तिला मागून झील आली, आक्कांची, गुडघ्याला पट्टी बांधून खुर्चीवर बसलेल्या आक्कांची. सूर तिच्या हातून घेऊन वर नेला गेला. आजवर हे काम तिनं दुसऱ्यासाठी केलं होतं. आता तिला श्वास घ्यायला वेळ होता, पैलवानाकडे बघायला वेळ होता, पुढची ओळ कुठून काढायची ते ठरवायला वेळ होता. दुसरी ओळ तिनं तालमीत कधी म्हटली नव्हती तशी, खालून सुरू करून म्हटली. मास्तरांनी पेटीवर ती तिथेच जाऊन गाठली. गाणं संपलं, काळी चार वाजत राहिली आणि वाक्य सुरावर आलं: “डोंबा, माझ्याजवळ द्यायला काही नाही.” नाना लगेच बोलले नाहीत. डोंबानं जेवढं थांबायला हवं तेवढं ते थांबले.

संपल्यावर पायऱ्यांवरच्या बायकांनी तिच्या ओटीत तांदूळ आणि नारळ घातला. पैलवानानं मालकाला बाजूला घेऊन एकच विचारलं, पुढच्या सालची सुपारी आत्ता धरायची का.

मालकानं ती धरली, आणि कागदावर एक ओळ वाढवली, ‘हजेरीला पुरा वग’. त्या हंगामात उरलेल्या गावांना तो हे आपणहून सांगू लागला. काही गावांनी हात झटकले, आखाड्याला उशीर होतो म्हणाले. काही गावांना पटलं. यात्रा कमिट्यांनी वर्गणी गोळा करताना एवढं ठरवलं तर फार खर्च नाही. रात्री सत्कार आटपते घ्यावेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळचे दोन तास वगाला द्यावेत. नवीन पोरीला लावणी कुठेही शिकता येईल. वग शिकायला मात्र उभा वग लागतो, समोर माणसं लागतात आणि मागे झील लागते.

अक्षय तृतीयेनंतर वस्तीवर हिशेब झाला. उचल फिटून तिच्या हातात थोडे पैसे उरले. त्यांतले काही तिनं आईला दिले, काहींची कीर्तनात वापरतात तशी लहान पेटी घ्यायचं ठरवलं. पावसाळ्यात ती चौफुल्याला मावशीच्या ओळखीच्या बाईंकडे बसून अदाकारी शिकणार आहे. आक्कांनीच तिला जायला सांगितलं, कारण तिची लावणी अजून उभ्यानं म्हटल्यासारखी वाटते. श्रावणात आठ दिवस वस्तीवर यायचं, वही घेऊन. नाना दुसरा वग सांगणार आहेत. त्यात आक्का राणी करणार आणि राजा तिच्याकडे आहे.